बडोद्यात जुन्या सामानातून हलवता येणारं छोटं घर: कंटेनर घ्यायचा की पाडलेल्या घराचं सागवान?

शेतावर किंवा प्लॉटवर असं घर करायचं तर वापरलेला २० फुटी कंटेनर घ्यायचा, नाहीतर दांडियाबाजार, रावपुऱ्याकडची जुनी घरं पाडतात तिथलं सागवान उचलून ट्रॉलीच्या चासीवर (चाकांवरच्या लोखंडी सांगाड्यावर) लाकडी घर उभं करायचं. माझं मत लाकडाकडे आहे, का ते सांगतो.

कंटेनरमध्ये भिंती, छप्पर, तळ सगळं तयार मिळतं, काम पटकन होतं, पण आहे तो लोखंडी डबा, बडोद्याच्या मे महिन्यात इन्सुलेशनशिवाय दुपारी आत बसवणार नाही, आणि इन्सुलेशन लावलं की आतली २.३५ मीटर रुंदी दोन्हीकडून अजून घटते. खिडकी कापली की भिंतीची ताकद जाते, तिथे स्क्वेअर पाइपची चौकट वेल्ड करायलाच लागते. आणि दारावरची प्लेट वाचाच, तळाच्या लाकडाला कुठलं कीटकनाशक दिलंय ते तिथे लिहिलेलं असतं, घरात लहान मुलं असतील तर तो तळ सरळ बदला.

सागवानाला मेहनत जास्त. एकूण एक खिळा उपसावा लागतो, नाहीतर करवतीचं पातं गेलं म्हणून समजा, तुळई ठोकून बघायची, पोकळ वाजली तर सोडून द्यायची. पण वर्षानुवर्षं वाळलेलं हे लाकूड नव्यासारखं पिळत नाही, आणि जुन्या खिडक्या समोरासमोर बसवल्या की वारा खेळतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासूनची आहे), म्हणून कोरडं घासू नका, ओलं करून, मास्क लावूनच. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, त्यामुळे सांगाडा सागवानी आणि भिंती हलक्या प्लायच्या. जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळाले तरी नको, त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असतं.

खरा फरक हलवताना कळतो. रिकामा कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास, दरवेळी हायड्रा क्रेन आणि ट्रेलर बोलवा, ट्रॉलीला मात्र ट्रॅक्टर पुरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी कशी शहरात शिरली ते सगळ्यांनी पाहिलंय, सखल जमीन असेल तर पाणी यायच्या आत घर ओढून नेता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

महिनोन्‌महिने कुलूप लावून पंप, अवजारं ठेवायची असतील तर मात्र बिनधास्त कंटेनर घ्या.

लाकूड ठरलं तर आधी चासी घ्या, एक्सल तपासा, मग वखारीत जा, मापं हातात नसताना तुळया उचलल्या तर चांगलं सागवान कापून वाया जातं.