स्टार वॉर्स की लॉर्ड ऑफ द रिंग्ज : सुट्टीत मुलांबरोबर एकच बघायचं तर

गेल्या दोन मे महिन्यांत मी भाचीबरोबर दोन चित्रत्रयी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिल्या. गेल्या वर्षी ती दहा वर्षांची होती, तेव्हा मूळ स्टार वॉर्स, म्हणजे १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन. यंदा लॉर्ड ऑफ द रिंग्ज, २००१ ते २००३ चे तीन. मी स्वतः हे सहाही चित्रपट आधी कितीदा तरी पाहिलेत. घरात त्या वयाची मुलं असलेले दोघेतिघे मित्र सध्या विचारताहेत, एकच मालिका बघायची तर कुठली? म्हणून जरा सविस्तर लिहितो. कथा सांगत बसत नाही, ती थोडीफार सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर आलेले स्टार वॉर्सचे चित्रपट आणि हॉबिटचे तीन भाग इथे धरलेले नाहीत. हॉबिट हे आटोपशीर पुस्तक, त्याचे तीन चित्रपट केले आणि ते ताणलेपण पडद्यावर जाणवतं, एवढंच त्याबद्दल.

आधी वेळेचा हिशोब, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो. मूळ स्टार वॉर्सचे तिन्ही भाग मिळून सव्वासहा तास होतात. तीन संध्याकाळी, जेवणं वेळेवर, काम झालं. रिंग्जची चित्रपटगृहात लागलेली आवृत्ती सव्वानऊ तासांच्या थोडी वर जाते आणि एक्स्टेंडेड, म्हणजे जास्तीचे प्रसंग घातलेली, आवृत्ती ११ तासांच्याही पुढे. ती तीन संध्याकाळींत बसत नाही, निदान आमच्याकडे बसली नाही. मूल दहाच्या आतलं असेल, पटकन कंटाळणारं असेल, तर तेवढ्यावरूनच स्टार वॉर्स घ्या, असं मी म्हणेन. रिंग्जचा पहिला तास सावकाश जातो, नावं भराभर येतात, आणि तिसऱ्या भागातली कोळीण हळव्या मुलाला झोपू देणार नाही. आमच्याकडे त्या रात्री भाचीला मामीच्या कुशीत झोपावं लागलं.

स्टार वॉर्सची सुरुवात मात्र आजही तशीच पकड घेते. डोक्यावरून एक जहाज जातं आणि त्याच्या मागून दुसरं येतं, येतच राहतं, संपतच नाही. भाचीच्या हातातला घास हातात राहिला. मी तिला नंतर सांगितलं की ते अजस्र जहाज म्हणजे जेमतेम तीन फुटांची प्रतिकृती होती, आणि पुढे पळणाऱ्या छोट्या जहाजाची प्रतिकृती खरं तर तिच्याहून मोठी होती. तिचा विश्वास बसेना. आवाजाचंही तसंच. बेन बर्ट या ध्वनिकाराने प्रकाशाच्या तलवारीची ती घूं घूं प्रोजेक्टरच्या मोटरचा आणि जुन्या टीव्हीचा गुंजारव मिसळून केली. हे कळल्यावर आठवडाभर ती घरातल्या प्रत्येक यंत्राला कान लावून फिरत होती. आमचा जुना फ्रिज सगळ्यात जवळचा, असा तिचा निकाल आहे. त्या दुनियेतली यानं मळलेली, पोचे पडलेली आहेत, मध्येच बंद पडतात, थापटल्यावर चालू होतात. एसटीने वाढलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटतात.

रिंग्जची जादू वेगळ्या जातीची आहे, ती हाताने केलेल्या कामाची आहे. न्यूझीलंडमध्ये मातामाता गावाजवळच्या एका शेतावर हॉबिटांची, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या माणसांची, वस्ती उभी केली, तेव्हा भाज्या आणि फुलझाडं चित्रीकरणाच्या वर्षभर आधी लावली, म्हणजे कॅमेरा येईल तेव्हा वाडी रुजलेली दिसावी. चिलखतांसाठी प्लास्टिकच्या कड्या एकेक करून ओवल्या. जादूगार गॅंडाल्फ आणि हॉबिट फ्रोडो एका टेबलाशी बसलेत तो प्रसंग आम्ही चार वेळा मागे नेऊन पाहिला. एक माणूस मोठा आणि एक छोटा दिसावा म्हणून टेबल दोन तुकड्यांचं केलंय. एक कॅमेऱ्याजवळ, एक लांब, आणि कॅमेरा सरकतो तसा एक तुकडाही माणसासकट सरकतो. भाची टीव्हीला नाक लावून सांधा शोधत होती. सापडला नाही. संगणकाचं काम त्यात भरपूर आहे, गॉलम हा विचित्र प्राणी तर सगळाच, पण त्याच्या मुळाशी अँडी सर्किस या नटाचा देह आणि आवाज आहे. तो स्वतःशीच भांडतो तेव्हा समोर दोन माणसं बसल्यासारखं वाटतं.

संगीताबद्दल भांडण नको. स्टार वॉर्सचे जॉन विल्यम्स आणि रिंग्जचे हॉवर्ड शोअर, दोघांचंही ऐकताना अंगावर काटा येतो. अभिनयात रिंग्ज थोडा सरस वाटतो, पण हे माझं मत. १९८० चा दुसरा स्टार वॉर्स घट्ट बांधणीत सहाही चित्रपटांत पहिला, हेही माझंच मत.

इथवर दोन्ही पारडी जवळपास सारखी होती. माझ्यासाठी ती ज्या गोष्टीने हलली, ती आता सांगतो.

मी स्टार वॉर्स पहिल्यांदा पाहिला तो १९९४ मध्ये, सांगलीत, भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. तिसऱ्या भागाच्या शेवटी नायक ल्यूक आपल्या मरणाऱ्या बापाचा, डार्थ व्हेडरचा, मुखवटा काढतो. आत काळं-भयानक काही नसतं. एक थकलेला, पांढराफटक, व्रण पडलेला म्हातारा असतो. सबॅस्टियन शॉ या वयस्क नटाचा तो चेहरा आहे, पडद्यावर काही क्षणच दिसतो. मग मुलगा रात्री रानात चिता रचून बापाला अग्नी देतो. आपल्याकडच्या माणसाला तिथे काहीही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या शेजारी बसलेले आजोबा, ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तेही तेवढ्यापुरते सावरून बसले होते. पुढे जल्लोष होतो आणि ल्यूकला बाजूला तीन पुण्यात्मे उभे दिसतात. त्यातला तिसरा तोच म्हातारा, आता व्रण गेलेले, चेहरा निवलेला.

गेल्या वर्षी हाच शेवट आम्ही आज मिळणाऱ्या आवृत्तीत पाहिला. चिता जळली, गाणं सुरू झालं, तीन आकृत्या आल्या. तिसऱ्या जागी लांब केसांचा एक तरुण उभा.

“मामा, हा कोण?”

“ल्यूकचे बाबा.”

“मग मघाशी मुखवट्याच्या आत होते ते?”

“तेही त्याचे बाबाच.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण ल्यूकने तर ह्यांना कधी पाहिलंच नाहीये. त्याने कसं ओळखलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो तरुण म्हणजे हेडन क्रिस्टेन्सन, २००२ आणि २००५ च्या चित्रपटांत बापाची तरुणपणची भूमिका करणारा नट. २००४ च्या डीव्हीडीपासून त्याला तिथे बसवलंय. ज्या मुलीने ते चित्रपट पाहिलेलेच नाहीत, तिच्यासाठी सहा तासांहून मोठ्या गोष्टीच्या शेवटच्या मिनिटाला एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. मला त्या संध्याकाळी खरंच वाईट वाटलं.

हा एकच बदल असता तर सोडून दिलं असतं. स्टार वॉर्सचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये विसाव्या वर्षाच्या निमित्ताने तिन्ही चित्रपटांत हात घातला, मग २००४ मध्ये, मग २०११ मध्ये. पहिल्या भागात गुत्त्यात हान सोलो हा तस्कर समोरच्याला टेबलाखालून गोळी घालतो. १९७७ मध्ये गोळी त्याची एकट्याचीच होती. १९९७ मध्ये समोरचा आधी झाडतो असं झालं, २००४ मध्ये दोघं जवळजवळ एकदमच. आधी हा माणूस बेरकी, स्वतःपुरतं पाहणारा दिसतो, म्हणूनच शेवटी तो मदतीला परत येतो तेव्हा उर भरून येतो. आधीच त्याला धुऊन काढला की ते परत येणं हलकं होतं.

आणि २०११ ची भर तर मला अजिबात पटलेली नाही. सम्राट ल्यूकला विजेच्या लोळांनी मारतोय, डार्थ व्हेडर शेजारी उभा आहे. त्याचा मुखवटा हलत नाही, हलूच शकत नाही. तो फक्त मुलाकडे पाहतो, सम्राटाकडे पाहतो, पुन्हा मुलाकडे. त्या न हलणाऱ्या काळ्या पत्र्यात आपल्याला सगळं दिसतं, कारण ते आपण आपल्या मनातून तिथे ठेवलेलं असतं. आता तिथे तो ‘नाही’ म्हणून ओरडतो. बघणाऱ्याच्या वाट्याचं काम काढून घेतलं.

सगळेच बदल वाईट आहेत असं नाही. दुसऱ्या भागातल्या ढगांतल्या नगरीच्या कोंदट भिंतींना खिडक्या पाडल्यात, त्या छान दिसतात. बर्फातल्या लढाईतल्या कडा साफ केल्यात, तेही बरंच झालं. कलाकाराला आपलं काम पुन्हा करावंसं वाटणं मी समजू शकतो. आपल्याकडे चिमणी-कावळ्याची गोष्ट तरी कुठे एकसारखी सांगतात? आजीची वेगळी, आत्याची वेगळी. पण आत्याने नवी सांगितली म्हणून आजीची कुणी पुसून टाकत नाही. इथे नेमकं तेच झालं. नवीन आवृत्ती आली आणि जुनी बाजारातून गेली. हेच लुकास १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन जुन्या चित्रपटांत मागाहून फेरफार करण्याविरुद्ध कळकळीने बोलले होते. त्यामुळे तर जास्तच लागतं.

मूळ आवृत्त्या २००६ मध्ये एकदा डीव्हीडीबरोबर जोडतबकडी म्हणून दिल्या, त्याही १९९३ च्या लेसरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. माझ्याकडे त्या आहेत. आजच्या टीव्हीवर लावल्या तर चारही बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये मळकट, छोटं चित्र. लंडनमध्ये २०२५ च्या जूनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ ची जुनी प्रिंट दाखवली. पहिल्या चित्रपटाच्या पन्नाशीला, २०२७ मध्ये, तो मूळ रूपात चित्रपटगृहात आणण्याची घोषणाही झाली आहे. ते झालं तर मला मनापासून आनंद होईल, आणि हा लेख त्या भागापुरता जुना ठरेल. पण माझं दुखणं तिसऱ्या भागात आहे.

आता रिंग्जकडे या. तिथेही दोन आवृत्त्या आहेत, आणि इथेच दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचं मला कौतुक वाटतं. चित्रपटगृहातली एक, एक्स्टेंडेड दुसरी, दोन्हींवर आपापलं नाव, दोन्ही मिळतात. दुसरीने पहिलीची जागा घेतली नाही. पहिली तेवढीच पूर्ण आहे असं ते स्वतःच मानत आलेत. त्यामुळे घरी निवड आपल्या हाती राहते. तिसऱ्या भागात सारुमान या दुष्ट जादूगाराचं पुढे काय झालं हे चित्रपटगृहातल्या आवृत्तीत कळतच नाही, ती भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर ली यांचा प्रसंग त्यात नाही. तो एक्स्टेंडेडमध्ये आहे. दुसऱ्या भागात बोरोमिर आणि फॅरामिर या भावांचा, त्यांच्या बापासमोरचा एक जुना प्रसंग आहे, तोही एक्स्टेंडेडमध्येच. बाप थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याकडे बघतही नाही. हे एकदा पाहिलं की पुढे फॅरामिर मरणाच्या दारात घोडा घालतो त्याचा अर्थ पुरता लागतो.

सगळं निर्दोष आहे असं म्हणत नाही. २०११ च्या ब्लू-रेमध्ये एक्स्टेंडेड पहिल्या भागावर हिरवट झाक आली होती, आणि २०२० च्या फोर-के संचात रंग पुन्हा नव्याने बसवलेत, ते काहींना आवडत नाहीत. पण रंग बदलला तरी फ्रोडो फ्रोडोच राहतो. कोण कुणाचा बाप, हे त्याने बदलत नाही.

तेव्हा मूल अकराच्या पुढचं असेल आणि चारपाच संध्याकाळी मोकळ्या असतील, तर मी रिंग्ज म्हणेन. आम्ही असं केलं : पहिला भाग चित्रपटगृहातला, दोन संध्याकाळींत; नऊ जणांची निवड होते तिथे पहिल्या दिवशी थांबायचं. दुसरा भाग एक्स्टेंडेड, तोही दोन दिवस. तिसरा रविवारी दुपारी, मध्ये चहाला थांबून. त्याचा शेवट लांबतो अशी पुष्कळांची तक्रार असते. भाची जागची हलली नाही.

आणि स्टार वॉर्सच घेणार असाल, तर घ्या जरूर, फक्त शेवटच्या प्रसंगाआधी मुलांना त्या तरुणाबद्दल दोन वाक्यं सांगून ठेवा. यंदा रिंग्ज संपल्यावर भाचीने आपणहून गेल्या वर्षीची गोष्ट काढली, “तू लहानपणी पाहिलेला शेवट दाखव ना.” मी जुनी तबकडी शोधून लावली. काळ्या चौकटीत ते छोटं, मळकट चित्र आलं. ती उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. चिता जळली, ढोल वाजले, तीन आकृत्या आल्या, तिसरी म्हाताऱ्याची.

“हां,” ती म्हणाली, “हे तेच बाबा.”