मॅमॉडचं ट्रॅक्शन इंजिन: एका हंगामानंतर, मुख्यतः इंधनाबद्दल

मॅमॉड टीई१ए म्हणजे खऱ्या वाफेवर चालणारं खेळण्यातलं ट्रॅक्शन इंजिन, शेतात-रस्त्यावर ओढकाम करणाऱ्या जुन्या वाफेच्या गाडीची छोटी प्रतिकृती. माझ्याकडचं सत्तरच्या दशकाच्या अखेरीचं, बॉयलरखालच्या ट्रेमध्ये इंधनाच्या वड्या पेटवून चालणारं. इथे इंग्लंडमध्येच जुनं घेतलं. वसंतापासून वापरतोय. इंजिनाबद्दल तक्रार नाही. तक्रार विकणाऱ्याबद्दल आहे आणि त्याहून जास्त इंधनाबद्दल.

जाहिरातीत ‘चालू स्थितीत, इंधनासकट’ असं लिहिलं होतं. इंधन म्हणजे हेक्सामिन या घन इंधनाच्या जुन्या पांढऱ्या वड्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये सामान्य माणसाने त्या विकत घेणं सोडाच, होम ऑफिसच्या (तिथल्या गृहखात्याच्या) परवान्याशिवाय घरात ठेवणंही गुन्हा आहे, कारण हेक्सामिन स्फोटकं बनवायला वापरता येतं. मी कळवलं की वड्या काढून घ्या आणि तेवढे पैसे कमी करा. वड्या निघाल्या, पैसे एका पेनीनेही उतरले नाहीत. वर इंजिन आलं ते सेफ्टी व्हॉल्व्हखालचा फायबरचा वॉशर वाळून तडकलेला. पाणी तापलं की आट्यांतून बुडबुडे यायचे. विचारलं तर म्हणे, जुनी इंजिनं थोडी गळतातच. अजिबात गळत नाहीत! नवा वॉशर घातला आणि गळती थांबली, आणि तो वॉशर अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

व्हॉल्व्हचा दांडा क्षारांनी चिकटला होता, हे मात्र किरकोळ नाही. जादा वाफ सुटायला तेवढी एकच वाट असते. जुनं इंजिन घेतलंत तर काडी ओढायच्या आधी हा दांडा ओढून बघा. स्प्रिंगने तो झटकन जागेवर गेला पाहिजे. अडकला तर नवा व्हॉल्व्ह घ्या. मी पैशाला जपणारा माणूस आहे, पण इथे काटकसर नको.

आता इंधन. बॉयलर पाऊण भरायचा, सांगितलेल्या तेवढ्याच वड्या पेटवायच्या, म्हणजे पाणी संपायच्या आत आग विझते. हे माप ठरवून दिलेलं आहे, कारण कोरडा बॉयलर तापला की सांधे जातात. हेक्सामिन गेलं आणि हे मापच गेलं. आता मिळतात त्या इथेनॉलच्या मऊ वड्या, ब्रिटिश लष्कर वापरतं तशा. काजळी नाही, डोळे चुरचुरत नाहीत. पण त्यांचा आकार सैनिकाच्या चुलीसाठीचा. कापून ट्रेमध्ये दाबली तर जळताना पातळ होते, कडेला सरकते आणि ज्योत बॉयलरचा तळ सोडून चाकाच्या रंगाला लागते. सुरुवातीचे काही आठवडे माझं ठाम मत होतं की या वड्यांवर हे इंजिन चालवूच नये.

ते मत आता उरलेलं नाही. ट्रेमध्ये बारीक स्टीलच्या जाळीची घडी ठेवली आणि वडीचा चतकोर तुकडा तिच्यावर पसरवला. पातळ झालेलं इंधन जाळीतच राहतं, ज्योत सरळ वर जाते. बॉयलरमध्ये गार पाण्याऐवजी केटलमधलं उकळतं पाणी भरलं, तर अर्धं इंधन पाणी तापवण्यात जात नाही. पाणी डिस्टिल्डच घ्या. आमच्या भागातलं नळाचं पाणी चुन्याचं आहे, केटलचा तळ बघितला तरी कळतं. आणि एक कळकळीने सांगतो, भर उन्हात इथेनॉलची ज्योत दिसत नाही. विझली असं समजून ट्रेमध्ये नवा तुकडा टाकू नका. हाताला धग लागत नाही ना, ते आधी बघा.

हे सगळं जमलं की इंजिन जे सुख देतं त्याला तोड नाही. १९३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेफ्री मॅलिन्सने ही कंपनी काढली तेव्हापासूनची साधी रचना आजही तीच आहे. वाफ आत-बाहेर सोडायला वेगळा सरकता (स्लाइड) व्हॉल्व्ह नाही, अख्खा सिलिंडरच पाळण्यासारखा झुलतो. एका बाजूला कलला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसरीकडे कलला की वापरलेली वाफ निघून जाते. पुढे-मागे नेणारी दांडी अगदी थोडी सरकवली की वेगही आवरता येतो. हे हाताला बसायला वेळ लागतो. चाक फिरवणारा स्प्रिंगचा पट्टा तेलकट झाला की घसरतो, तो पुसून घ्यावा.

घरी आलेल्या भारतातल्या मंडळींना हे ‘वाफेचं रोडरोलर’ वाटतं, आणि ते चूक नाही. रोलर याच घराण्यातला. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९४८ मध्ये वाफेचे रोडरोलर आणले ते इंग्लंडमधल्या गेन्सबरोच्या मार्शल कंपनीच्या सहकार्यानेच.

घ्यावं का? हो, घ्या. पण ‘इंधनासकट’ म्हटलेलं असेल तर पैसे देण्याआधी पाकिटाचा फोटो मागवा. हेक्सामिन निघालं तर ते काढायला लावा आणि किंमत पाडून घ्या. वॉशर आणि जाळी स्वतःच आणा.