जुना टीव्ही दुरुस्तीला देताय? आमच्या सेटचं आतलं सगळं काढून घेतलं

जुना शटरवाला टीव्ही 'एकदम ओरिजनल' करून देतो असं सांगून एका माणसाने आमच्या सेटच्या आतलं सगळं काढून घेतलं, दुसऱ्याच कुठल्यातरी भंगारातल्या सेटचं सामान आत बसवलं, कॅबिनेटच्या लाकडाची वाट लावली आणि वर एकेचाळीस हजार रुपये घेतले. जुने रेडिओ, ग्रामोफोन, टीव्ही पुन्हा चालू करून घरात ठेवण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. अशा वस्तू कितीतरी घरांत माळ्यावर असतील. त्या बाहेर देण्याआधी हे जरूर वाचा.

सेट माझ्या वडिलांचा, नानांचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यातही दिसायला लागलं. नानांनी सोसायटीचं कर्ज काढून १९७५मध्ये टीव्ही घेतला. तेव्हा वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राउन, डायनोरा, ईसी ही नावं सगळ्यांच्या तोंडी असायची. आमचा सेट वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट, सागवानी व्हिनिअरच्या कॅबिनेटचा, चार निमुळत्या पायांवर उभा. पुढे दोन्ही बाजूंनी सरकत येणारं लाकडी पट्ट्यांचं शटर आणि त्याला कुलूप. आतली रचना हायब्रिड, म्हणजे ट्यूनरच्या बाजूला ट्रान्झिस्टर आणि आवाज, व्हर्टिकल, हॉरिझॉन्टल (चित्र उभं-आडवं रेखणारे भाग) हे सगळं व्हॉल्व्हवर, म्हणजे तापून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांवर. नानांनी त्याची फाइल जपून ठेवली होती. पोस्टात भरलेल्या लायसन्स फीची पुस्तिका (ती फी १९८५मध्ये रद्द झाली), बिल आणि गॅरंटी कार्ड. पिक्चर ट्यूबची गॅरंटी वेगळी असायची, म्हणून कार्डावर ट्यूबचा नंबर शाईने लिहिलेला होता. त्या एका नंबरामुळे पुढे सगळं उघडकीला आलं.

हा माणूस ऑनलाइन सापडला. जुन्या रेडिओंचे सुंदर फोटो, पॉलिशचे आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ, खाली लोकांचं भरभरून कौतुक. त्याचं नाव-गाव मी इथे देणार नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. आम्ही त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोललो, दोघंही समाधानी होते. दोघांचेही रेडिओ होते, टीव्ही नव्हते, आणि रेडिओ तो खरंच बरे करत असेलही. घरी येऊन त्याने सेट पाहिला, मागचं कव्हर न उघडता बॅटरी लावून जाळीतून आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, असा पीस आता मिळत नाही. कशालाही हात लावणार नाही, फक्त जिवंत करतो." कॅबिनेटला चपड्याचं (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) फ्रेंच पॉलिश, शटरच्या पट्ट्या नव्या कापडावर, इलेक्ट्रॉनिक्समध्ये फक्त खराब कपॅसिटर आणि रेझिस्टर बदलायचे, असं ठरलं. तसं व्हॉट्सॲपवर लिहूनही घेतलं. वीस हजार आगाऊ दिले आणि सेट टेम्पोतून गेला.

मग एकेक खर्च निघायला लागला. आधी नऊ हजार व्हॉल्व्हचे, 'बाहेरून मागवावे लागले' म्हणून. त्यानंतर बारा हजार पिक्चर ट्यूबच्या रिगनिंगचे. रिगनिंग हा शब्द टीव्हीच्या धंद्यात जुनाच आहे. ट्यूबच्या मानेची काच कापून आतली इलेक्ट्रॉन गन काढायची, नवी बसवायची, काच पुन्हा जोडायची आणि भट्टीत तापवत व्हॅक्यूम पंपाने आतली हवा पूर्ण काढायची. ब्लॅक अँड व्हाइटच्या भरभराटीच्या काळात हे करणारे छोटे कारखाने होते. गल्लीतल्या दुकानाच्या टेबलावर होणारं हे काम नाही. पण ऐकणाऱ्याला ते महाग आणि अवघड वाटतं आणि खोटं आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून बिलात घालायला अगदी सोयीचं.

दर वेळी पैसे मागण्याआधी व्हिडिओ यायचा. एकात मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले दिसत होते. दुसऱ्यात पडद्यावर स्वच्छ चित्र, आवाजही चांगला. नाना तो व्हिडिओ येईल-जाईल त्याला दाखवत होते. पण त्याच व्हिडिओत फसवणूक उघड दिसत होती. बटण फिरवल्या फिरवल्या आवाज येतो आणि व्हॉल्व्हही त्याच क्षणी पूर्ण उजळतात. खरा व्हॉल्व्ह असा कधीच पेटत नाही. आतला फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, हळूहळू लाल होतो, आवाज यायला वीस-तीस सेकंद जातात आणि चित्र त्याच सुमारास किंवा नंतर येतं. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना बातम्यांच्या थोडं आधी टीव्ही लावून ठेवायची सवय आठवत असेल. व्हॉल्व्हचा सेट चालू झाल्याचा व्हिडिओ तुम्हाला कोणी पाठवला, तर पहिलं अर्धं मिनिट न कापलेलं मागा.

सेट घरी आला तेव्हा लांबून झकास चमकत होता. जवळ गेल्यावर वरच्या फळीचं लाकूड वेगळं वाटलं. हात फिरवला तर गार, काचेसारखं गुळगुळीत. नीट पाहिलं तर लाकडातली एकच गाठ, तिच्या शेजारचा तोच बाकदार रेघांचा पट्टा, वीतभर अंतरावर पुन्हा आणि आणखी वीतभर अंतरावर पुन्हा. म्हणजे तो छापील लॅमिनेट होता. सागवानी व्हिनिअर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतं आणि त्यावर मशीनचा सँडर चालवला की ते फाटून खालचा प्लाय उघडा पडतो. तसंच झालं होतं. कोपऱ्यांवर प्लायचे आडवे थर दिसत होते, त्यावर गडद वॉलनटचा स्टेन मारून मेलामाइनचा फवारा दिलेला. नखाएवढ्या जागेवर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला. चपड्याचं पॉलिश स्पिरिटने लगेच चिकट होतं, कापसाला रंग लागतो. इथे काहीही झालं नाही. शटर तर अर्ध्यापर्यंतच सरकत होतं. कापड बदललंच नव्हतं, पट्ट्या मागून कसल्यातरी गोंदाने एकमेकींना चिकटवल्या होत्या, त्यामुळे वळणावर त्या वळणार कशा?

याहून गंभीर गोष्ट बटणांची. मूळची काळी प्लॅस्टिकची बटणं काढून त्याने 'अँटिक लुक' म्हणून पितळी बटणं बसवली होती. नानांनी आवाजाचं बटण धरलं आणि हात झटकला. "मुंग्या आल्यासारखं झालं," म्हणाले. नानांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. मी प्लग काढला आणि आमच्या पेठेतल्या एका निवृत्त टीव्ही मेकॅनिकना बोलावलं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, तापकीर गल्लीत अख्खं आयुष्य टीव्ही दुरुस्त करण्यात गेलं आहे त्यांचं.

मास्तरांनी आधी नुसता टेस्टर लावला. पितळी बटणाच्या स्क्रूवर दिवा लागला. त्या काळच्या बऱ्याच सेटना मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसायचा, २३० व्होल्टची एक बाजू थेट चासीला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असायची. प्लग उलटा लागला की आतलं लोखंड जिवंत. म्हणूनच बटणं प्लॅस्टिकची आणि त्यांचे स्क्रू खोल बुजवलेले असायचे. जुन्या टीव्हीवर धातूची बटणं बसवणाऱ्याला एक तर ही साधी गोष्ट माहीत नाही किंवा त्याला कोणाच्या जिवाची पर्वा नाही. दोन्ही प्रकारच्या माणसाकडे सेट देऊ नये.

मग त्यांनी मागचं कव्हर काढलं, पिक्चर ट्यूबचा अॅनोड डिस्चार्ज केला (हे तुम्ही स्वतः करू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले राहू शकतात) आणि बराच वेळ काही न बोलता बघत बसले. शेवटी म्हणाले, "ताई, हा तुमचा सेट नाही. पेटी तेवढी तुमची."

आत नंतरच्या काळातल्या कुठल्यातरी ट्रान्झिस्टरवाल्या वीस इंची सेटचं बोर्ड होतं, त्याचीच ट्यूब, त्याचाच योक (ट्यूबच्या मानेवरची तारेची वेटोळी). ट्यूबवरचा नंबर गॅरंटी कार्डाशी जुळेना. मागच्या जाळीसमोर एक पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवलेली आणि तिच्यावर ओळीने व्हॉल्व्ह. प्रत्येकाखाली एक नारिंगी एलईडी. व्हॉल्व्हच्या पिनांना एकही वायर नाही! मास्तरांनी एकेक उचलून नंबर वाचले: ईसीएच ८१, ईबीएफ ८९. हे रेडिओतले व्हॉल्व्ह. त्या माणसाला मागच्या कव्हरच्या आत चिकटवलेला कागद काढायचं सुचलं नव्हतं. त्यावर कंपनीने छापलेला नकाशा आहे, कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह: आवाजाला पीसीएल ८६, व्हर्टिकलला पीसीएल ८०५, हॉरिझॉन्टलला पीएल ५०४ आणि पीवाय ८८. नावातलं पहिलं अक्षर फिलामेंटचं असतं. ई म्हणजे ६.३ व्होल्टवर चालणारा, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या माळेत इतरांबरोबर जोडला जाणारा. आमच्या सेटच्या त्या नकाशात ई वर्गातले हे रेडिओचे व्हॉल्व्ह कुठेच नव्हते.

आमचे व्हॉल्व्ह कुठे गेले याचा अंदाज मास्तरांनी लगेच बांधला. पीसीएल ८६ला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या हौशी लोकांकडून आजही मागणी आहे, पीएल ५०४लाही आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने, चालू व्हॉल्व्ह हातोहात विकले जातात. दुरुस्तीला आठवडे घालवण्यापेक्षा सेट रिकामा करायचा, सुटे भाग विकायचे आणि भंगारातला सेट आत बसवायचा, हे त्याला सोपं पडलं. जुना स्पीकरही गेला. कंपनीची पुढची धातूची नेमप्लेट तेवढी राहिली, कारण ती दिसायला हवी.

फोन केला तर आधी म्हणाला, "मॅडम, जुनं काही चालण्यासारखं नव्हतंच." मग जुनं सामान परत द्या म्हटलं, तर 'स्क्रॅपमध्ये गेलं'. व्हॉट्सॲपवरचं 'फक्त कपॅसिटर आणि रेझिस्टर बदलणार' हे वाक्य त्यालाच परत पाठवलं. त्यानंतर नंबर ब्लॉक.

म्हणून कळकळीने सांगते, सेट घराबाहेर जाण्याआधी जाणकार माणसाकडून कव्हर उघडून घ्या आणि आतले फोटो काढा. ट्यूबवरचं लेबल, प्रत्येक व्हॉल्व्हवरचा नंबर, चासीवरचा शिक्का, स्पीकरच्या मागची बाजू, सगळं. चासीच्या आतल्या बाजूला आणि मागच्या कव्हरच्या पुठ्ठ्यावर सहज न दिसेल अशी स्वतःची खूण करा. बदललेला प्रत्येक भाग, मग तो फुटलेला कपॅसिटर का असेना, परत मिळाल्याशिवाय पैसे देणार नाही असं आधीच लिहून घ्या. खरं काम करणाऱ्याला यात काहीच अडचण नसते. मास्तर तर काढलेले भाग स्वतःहून पुडीत बांधून देतात. कॅबिनेट आणि इलेक्ट्रॉनिक्स शक्यतो एकाच माणसाकडे देऊ नका. पॉलिशवाला सुतार वेगळा, टीव्हीवाला वेगळा असला की दोघांचं काम दोघांना दिसतं. आणि ट्यूब गेली असं कोणी म्हणालं, तर ती तपासताना समोर बसा. जिचं एमिशन (इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद) कमी झालंय अशा ट्यूबचं फिलामेंट जास्त व्होल्टवर चालवून काही दिवस चित्र उजळ दाखवता येतं. त्याला बूस्टर म्हणतात. त्याने ट्यूब सुधारत नाही, लवकर संपते.

तक्रारीचं बोलायचं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दुकानदाराच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तर बरं. आम्ही पोलिसांतही लेखी अर्ज दिलाय. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्याला ३१६. अर्जासोबत गॅरंटी कार्डाची प्रत, आतल्या ट्यूबचा फोटो, नकाशाचा कागद आणि सगळे मेसेज जोडले. या किरकोळ वस्तूसाठी कशाला, असं आम्हाला पोलीस चौकीतच ऐकावं लागलं. अर्ज द्या, पोच घ्या आणि पोच जपून ठेवा.

पितळी बटणं मास्तरांनी त्याच दिवशी काढली आणि प्लगची वायर कापून टाकली, चुकून कोणी लावू नये म्हणून. वरचा लॅमिनेट एका जुन्या सुताराने हेअर ड्रायरने तापवून हळूहळू सोडवलाय. खाली निम्म्याहून जास्त मूळ व्हिनिअर शाबूत निघालं, उरलेल्या जागी तो जुन्या दाराच्या सागाचं व्हिनिअर जुळवून बसवणार आहे. पुढच्या शटरचं कापड तो नव्याने लावतोय. आता अडलंय ते चासीसाठी. मास्तर म्हणतात, पीएल ५०४ आणि पीसीएल ८०५वर चालणारा त्या काळचा वीस इंची सेट कोणाच्या माळ्यावर असेल, अगदी ट्यूब फुटलेला असला तरी, लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा) आणि योक धड असतील तर आमचा सेट पुन्हा उभा राहील. असा सेट भंगारवाल्याला देणार असाल तर आधी आम्हाला विचारा. त्याची योग्य किंमत देऊ, आणि काढलेल्या प्रत्येक भागाची यादी तुम्हाला लिहून देऊ.