जुन्या डायनामाइटची पेटी आणि बॉम्बनाशक पथकाची सेवा

वारसाहक्काने आलेल्या घराची मागची खोली रिकामी करताना मला एका लाकडी पेटीत खडक फोडण्यासाठी कधीकाळी आणलेल्या डायनामाइटच्या कांड्या सापडल्या. त्यांच्या कागदावर तेलकट डाग होते आणि पेटीखालची फळीही ओलसर दिसत होती. इतक्या जुन्या कांड्या निकामी झाल्या असतील, अशा समजुतीने मी पेटी अंगणात नेण्याच्या बेतात होतो. पण मन धजावले नाही आणि खोलीच्या दारातूनच पोलिसांना फोन लावला.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तो पहिला फोन होता. पेटी कोणाची, हे विचारण्याआधी मी कोठे उभा आहे हे विचारण्यात आले आणि काहीही न हलवता, उघडे झाकण लावण्यासाठीही मागे न फिरता, बाहेर पडून दूर गेल्यावरच पुन्हा फोन करा, असे शांतपणे सांगण्यात आले. पेटीत विजेवर उडणारे डेटोनेटर (मुख्य स्फोट घडवून आणणाऱ्या छोट्या स्फोटक नळ्या) असतील, तर त्यांच्या तारा जवळच्या मोबाइलच्या किंवा वायरलेसच्या लहरी पकडू शकतात, हे कारण मला नंतर कळले.

पथकप्रमुखांनी काम सुरू करण्यापूर्वी घरातील सर्वांना धोका समजावून सांगितला, हे मला विशेष आवडले. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 मध्ये पेटंट घेतलेल्या मूळ डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन हे द्रव सच्छिद्र मातीत मुरवलेले असते; वर्षानुवर्षे पडून राहिल्यास ते पाझरते, कांड्यांवर त्याचे थेंब किंवा स्फटिक जमतात, आणि मग साधा धक्का किंवा घर्षणही स्फोटाला पुरते. ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने, वरून पाणी ओतून माल निर्धोक होत नाही. आजवर कोणी मला पाणी ओतण्याचा सल्ला दिला असता, तर मी तो निमूटपणे मानला असता.

उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. शेजाऱ्यांना घराबाहेर काढताना परत कधी जाता येईल याचा अंदाजही दिला नाही, त्यामुळे वृद्ध माणसे कितीतरी वेळ रस्त्यावर ताटकळत राहिली. पेटी नेल्यानंतर त्या डागाळलेल्या फळीचे काय, हेही मलाच विचारावे लागले. विचारल्यावर मात्र पथक लगेच परत आले, आणि फळीत तेच द्रव मुरलेले असू शकते असे सांगून तीही काळजीपूर्वक काढून घेऊन गेले.