‘ब्लू ट्रेन’ची टोन पोएट आवृत्ती आणि जुन्या लेबलांचा घोळ

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची 1957 मधील ‘ब्लू ट्रेन’ ही तबकडी ब्लू नोट कंपनीने 2022 मध्ये टोन पोएट या आपल्या पुनर्प्रकाशनांच्या मालिकेत पुन्हा काढली. ज्याला संगीत ऐकायचे आहे त्याने हिची मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) प्रत निःशंक घ्यावी. जुन्या प्रतींच्या बाजारात उतरायचेच असेल, तर मात्र आधी लेबल, म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद, पारखायला शिकावे.

1939 मध्ये सुरू झालेल्या या छोट्या कंपनीचे बिऱ्हाड जसजसे हलले, तसतसा निळ्या-पांढऱ्या लेबलावरचा पत्ता बदलत गेला: आधी 767 लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू, 1957 पासून 47 वेस्ट 63, पुढे 43 वेस्ट 61 आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून नुसतेच ‘न्यूयॉर्क, यूएसए’. पत्त्यावरून तबकडीचे वय काढण्याची संग्राहकांची रीत यातूनच आली. ती पुरती भरवशाची नाही, कारण 1966 मध्ये लिबर्टी या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावरही शिल्लक उरलेली जुनी लेबले वापरली गेली. खरी खूण लेबलाबाहेर असते. न्यू जर्सीतील प्लास्टिलाइट कारखान्यात तयार झालेल्या तबकडीवर, शेवटची खाच आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्टीत, कानासारखी दिसणारी बारीक खूण सापडते. वस्तुतः ते वळणदार इंग्रजी ‘पी’ अक्षर आहे. लिबर्टीने काम दुसऱ्या कारखान्यांकडे नेले आणि हा कान नाहीसा झाला. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या नावाची खूण मात्र नंतरच्या अनेक प्रतींवरही दिसते. तेव्हा केवळ तेवढी दाखवून पहिल्या आवृत्तीचा भाव सांगणाऱ्याकडे कानाचे छायाचित्र जरूर मागावे.

नव्या आवृत्तीत असली पारख करावी लागत नाही. ध्वनितंत्रज्ञ केविन ग्रे यांनी ती मूळ टेपवरून कोरली असून कॅलिफोर्नियातील आरटीआय कारखान्यात ती तयार झाली आहे. शीर्षकरचनेच्या आरंभी सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकत्र येतात, तेव्हा कर्टिस फुलर यांचा ट्रॉम्बोन खालून स्वतंत्र ऐकू येतो. केनी ड्रू यांचा पियानो किंचित झाकोळलेला वाटतो खरा, पण व्हॅन गेल्डर यांच्या त्या काळच्या पियानोचा ढंगच तसा होता. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या जाड वेष्टनात ब्लू नोटचे छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ यांनी टिपलेली छायाचित्रे आहेत आणि छपाई अप्रतिम आहे. दोन तबकड्यांच्या स्टिरिओ संचात मूळ आवृत्तीत न घेतलेली वादनेही मिळतात, पण एकच रचना पुन्हा पुन्हा ऐकण्याची हौस नसेल तर तो जादा खर्च टाळावा.