‘एक वाटी’ म्हणजे नेमकी किती? एसएफ-400 काटा आणि आपलं स्वयंपाकघर

वजन कमी करायचा कुठलाही तक्ता उघडा. ‘एक वाटी भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात’ असं लिहिलेलं असतं. वाटी कुणाची, ते नसतं. ताटातली आमटीची लहान वाटी 100 मिलीची, आहेरात आलेली पसरट वाटी 200 मिलीची, आणि तक्ता पाळणारा बहुधा दुसरी उचलतो. हा घोळ मिटवायला एसएफ-400 हा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे का, याचं हे परीक्षण. उत्तर आधीच देऊन टाकू: पुरेसा आहे. पण लोक तो ज्यासाठी घेतात, म्हणजे ताटातली प्रत्येक गोष्ट मोजायला, त्यासाठी नाही.

काटा सगळ्यांनी पाहिलेला असतो. पांढरं प्लास्टिक, वर गोल तबकडी, पुढे लहानसा स्क्रीन आणि बटणं. कितीतरी वेगवेगळ्या नावांनी तो विकला जातो. खोक्यावरचं नाव बदलतं, साचा तोच. साधारण तीनशे-चारशे रुपयांत मिळतो आणि पेन्सिल सेलवर चालतो. हा त्याचा मोठा गुण, कारण काचेच्या सपाट काट्यांना बऱ्याचदा बटणासारखा चपटा सेल लागतो आणि तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळेलच असं नाही. खोक्यावर क्षमता 10 किलो आणि अचूकता 1 ग्रॅम लिहिलेली असते. यातल्या दुसऱ्या आकड्यावर फार विसंबू नका.

तबकडीखाली ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. वजन पडलं की ती केसाहूनही कमी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्याचा आकडा स्क्रीनवर येतो. 10 किलो पेलायला बनवलेली पट्टी 2 ग्रॅम जिऱ्यासाठी कितीशी वाकणार? म्हणून पाचेक ग्रॅमच्या आतलं वजन या काट्यावर मोजूच नये. मीठ, हळद, मोहरी चमच्यानेच घ्या, त्यांनी तसंही वजन वाढत नाही. दुसरी गंमत अशी की असे काटे शून्यापाशी होणारा बारीकसा बदल ‘हा भार नव्हे, आकडा सरकलाय’ असं समजून गिळून टाकतात. भांडं ठेवून शून्य केलं आणि त्यात चिमूट चिमूट तीळ टाकत गेलं, तर बराच वेळ शून्यच दिसतं. तीळ आधी वेगळ्या वाटीत काढा आणि एकदम ओता.

घरी आणल्यावर खरेपणा तपासायला वजनं लागत नाहीत. दहा रुपयांची दहा नाणी एकत्र ठेवा. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे दहांचे 77 दिसायला हवेत. 76 किंवा 78 आलं तर चालेल. 72 किंवा 83 आलं तर परत करा. मग एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी ठेवा. पिशवीचं वजन धरून हजाराच्या थोडं वर यायला हवं. शेवटी तीच पिशवी तबकडीच्या कडेला सरकवून बघा. मधला आणि कडेचा आकडा चारपाच ग्रॅमहून जास्त वेगळा आला, तर आतली पट्टी तिरकी बसली आहे. ऑनलाइन मागवलेल्या काट्याची ही तपासणी परत करायची मुदत संपायच्या आत उरकावी, हे वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. या काट्याची किंमत एकट्या तेलावर वसूल होते. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी. फोडणीला मध्यम पळी भरून घातलं की 20-25 ग्रॅम सहज जातं, आणि घालणाऱ्याला ते ‘थोडंसंच’ वाटतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. वजन उतरवायचं असेल तर माणशी 20 ग्रॅमपर्यंत खाली यावं लागतं.

पण तापलेली कढई काट्यावर ठेवायची नाही. तबकडी प्लास्टिकची, आणि उष्णतेने आकडाही सरकतो. युक्ती उलटी आहे. तेलाचं भांडं काट्यावर ठेवा, ‘टेअर’ दाबून शून्य करा, भांडं उचलून कढईत तेल ओता आणि परत जागेवर ठेवा. स्क्रीनवर उणे 14 दिसलं की 14 ग्रॅम गेलं. तूप, कुटाची बरणी, गुळाचा डबा, चटणी, सगळ्याला हीच रीत. ओट्यावर जास्तीची वाटीही खरकटी होत नाही. फक्त हात चालवावा लागतो. हा काटा साधारण दोन मिनिटं आकडा हलला नाही की आपोआप बंद होतो, आणि पुन्हा चालू केला की जे वर ठेवलेलं असेल त्यालाच शून्य धरतो. मध्येच फोन आला तर गेलं. म्हणून सुरुवातीचं वजन एकदा तोंडाने म्हणावं, किंवा फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहावं.

काही काट्यांवर युनिटचं बटण दाबलं की मिलीही दिसतात. ते मिली पाण्याचे. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, 100 मिली तेल 91 ग्रॅमच्या आसपास भरतं. तेव्हा काटा कायम ग्रॅमवर ठेवा. पुसताना तेच बटण दाबलं जाऊन आकडे औंसात गेले की ‘काटा बिघडला’ म्हणून तक्रारी होतात. तो बिघडलेला नसतो.

खरी अडचण एका माणसाचं मोजायची नसतेच, घरच्या कढईची असते. भाजी चौघांची, वजन एकालाच कमी करायचं. त्याच्यासाठी वेगळं शिजवायला लागलं की तिसऱ्या आठवड्यात सगळं बारगळतं. त्यापेक्षा कढई रिकामी असताना तिचं वजन करून ठेवा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहेच. भांड्याच्या दुकानात नावाशेजारी वजनही कोरून घ्या: कढई 842, कुकरचं भांडं 310, पातेलं 465. मार्कर दोन घासण्यांत जातो, कोरलेलं टिकतं.

उदाहरणाला तोंडल्याची भाजी घेऊ. तोंडली निवडून 470 ग्रॅम, तेल 15, दाण्याचं कूट 30, ओलं खोबरं 20, गूळ 10. कॅलरी अनुक्रमे साधारण 95, 135, 165, 75 आणि 37, म्हणजे एकूण 507. भाजी झाली, कढई निवली, काटा 1272 दाखवतो. कढईचे 842 वजा केले की भाजी 430 ग्रॅम. ग्रॅमला जेमतेम 1.2 कॅलरी पडली. ज्याला मोजायचं त्याने 110 ग्रॅम वाढून घेतली तर 130 कॅलरी झाल्या, बाकीच्यांनी हवी तेवढी घ्यावी. आता याच भाजीत तेल अंदाजाने 40 ग्रॅम पडलं असतं तर 225 कॅलरी वाढल्या असत्या. चव? कूट-खोबरं असताना फारसा फरक कळत नाही. नुसत्या परतलेल्या भेंडीत मात्र कळतो. भेंडीला तेल कमी केलं तर ती झाकण न ठेवता, पसरट तव्यावर, मीठ शेवटी घालून परतावी, नाहीतर तार सुटते.

कुटाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण ते तेलाचंच भावंड आहे आणि कुणी त्याला तसं समजत नाही. ‘दाणे पौष्टिक’ हे खरं, पण दाण्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो. ग्रॅमला साडेपाच कॅलरी धरा. एका माणसाची साबुदाण्याची खिचडी बघा: कोरडा साबुदाणा 100 ग्रॅम, कूट 40, तूप 15, बटाटा 50. बेरीज साडेसातशेच्या आसपास जाते. त्या दिवशी उपवास असतो. साबुदाणा 50 वर आणून बटाटा आणि काकडीची कोशिंबीर वाढवली, तूप 8 केलं आणि कूट 25 ठेवलं, तर साडेचारशेत बसतं. कूट त्याहून कमी केलं की खिचडी चिकटते, कारण साबुदाण्याचे दाणे सुटे राहतात ते भिजवल्यावर चोळलेल्या कुटामुळेच.

पोळीचं गणित भाजून झाल्यावर करू नये. तव्यावर किती पाणी उडालं त्यावर पोळीचं वजन बदलतं. एकच लाटी, एकदा 38 ग्रॅमची पोळी, एकदा 43 ची. मोजायचं ते कोरडं पीठ. 250 ग्रॅम कणकेत 155 ते 160 मिली पाणी आणि चमचाभर तेल गेलं की भिजवलेला गोळा 410 च्या आसपास होतो. त्याच्या आठ लाट्या केल्या तर लाटी 51 ग्रॅमची, पीठ 31 ग्रॅम, म्हणजे फुलक्याला 110 कॅलरी. घडीच्या पोळीत आत तेलाचं बोट फिरतं, वरून तूप लागतं. दोन्ही मिळून 3 ग्रॅम धरले तरी 27 वाढल्या. चार पोळ्यांवर हा फरक एका फुलक्याएवढा होतो. काटा इथे शिस्तीचं काम करतो: पहिली लाटी 51 ची करून शेजारी ठेवायची आणि बाकीच्या तिच्याकडे बघून तोडायच्या. आठच्या आठ तोलत बसणं हा नुसता छळ आहे.

भाकरीच्या बाबतीत गैरसमज मोठा आहे. ज्वारी आणि गहू ग्रॅमला जवळपास सारख्याच कॅलरी देतात, साडेतीनच्या आतबाहेर. भाकरीने पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, तेल लागत नाही, हे तिचे फायदे. पण हातावर थापलेल्या भाकरीला 80 ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे एक भाकरी आणि अडीच फुलके बरोबरीचे. ‘पोळी सोडून भाकरी सुरू केली तरी काटा हलत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हे असतं. इथला काटा अर्थात न्हाणीघराबाहेरचा, माणसाचं वजन करायचा.

कच्चं की शिजलेलं, हा घोटाळा सगळ्यांत जास्त होतो. आपल्याकडच्या पदार्थांचे भरवशाचे आकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत आहेत आणि ते कच्च्या मालाचे आहेत. मोबाइलच्या ॲपमध्ये ‘राइस’ लिहिलं की कधी कच्च्याचा आकडा येतो, कधी शिजलेल्याचा. 100 ग्रॅम कच्चा तांदूळ 350 कॅलरी, आणि 100 ग्रॅम भात 130. चुकीची ओळ निवडली तर हिशोब पावणेतीन पट हुकतो. मोड आलेल्या मटकीतही तीच फसगत: 100 ग्रॅम कोरडी मटकी मोड आल्यावर 200 च्या वर जाते, कॅलरी मात्र वाढत नाहीत. नियम सोपा ठेवा. धान्य, डाळ, कडधान्य, पीठ, साबुदाणा हे सगळं कोरडं असताना तोलायचं. माणशी तांदूळ 40, डाळ 30, कडधान्य 35 असं ठरवलं की चौघांसाठी तांदूळ 160 आणि डाळ 120. एकदा तोलून डब्यातल्या मापाच्या वाटीवर खूण केली की रोज काटा काढायची गरज नाही.

आणि इथेच या काट्याचा सगळ्यांत चांगला उपयोग येतो. वाटी ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. घरातल्या सगळ्या वाट्या, पळ्या, डाव, पोह्याचा चमचा आणि चहाचा चमचा या रीतीने एका दुपारी मोजून होतात. चमच्याला मात्र दहा चमचे पाणी घालून दहाने भागावं, ते वर सांगितलेलं पाच ग्रॅमचं कारण. तक्त्यातली ‘वाटी’ साधारण 150 मिली धरून आपल्या घरातली त्याला जवळची वाटी निवडायची आणि ती एकाच माणसाची ठरवायची. तीन-चार आठवडे असं झालं की भात, वरण, भाजी नजरेने बरोबर वाढता येतात. तेल, तूप, कूट, शेव आणि सुकामेवा यांची नजर मात्र कधीच बसत नाही. ते कायम काट्यावरच.

उणिवाही सांगायला हव्यात. मोठं पातेलं ठेवलं की स्क्रीन झाकला जातो, मग खाली वाकून बघावं लागतं. तबकडीवर आधी एखादा डबा उपडा ठेवून शून्य करा, वर पातेलं ठेवा, आकडा दिसतो. डोक्यावर पंखा जोरात असेल तर पसरट ताटाखाली आकडा दोनतीन ग्रॅमनी नाचत राहतो. कडप्प्याचा ओटा समतल नसेल तर पाय डुगडुगतात, खाली घडी घातलेला कागद सरकवावा. हळदीचे डाग तबकडीवरून जात नाहीत. पाण्याखाली धरलात तर संपला, ओल्या फडक्यानेच पुसायचा. सेल उतरायला लागले की आकडे आधी भरकटतात आणि सेल संपल्याची खूण मागाहून येते, म्हणून आकडा स्थिर राहत नाही असं दिसलं की पहिल्यांदा सेल बदला. आणि बहुतेक काटे मरतात ते वापरताना नव्हे, ठेवताना: मांडणीत त्यांच्यावर कुकर चढतो, आतली पट्टी कायमची वाकते, आणि मग रिकाम्या तबकडीवरही शून्य ठरत नाही. उभा ठेवा, ताटाळ्यात ताटांशेजारी मावतो.