पांगलेल्या मंडळ्यांसाठी रोजची प्रार्थना: जगाची यादी, एक डायोसिस, जुने प्रार्थनापुस्तक की घरची वही?

रविवारच्या मध्यस्थीत, म्हणजे इतरांसाठी केलेल्या प्रार्थनेत, ‘जगभरातील सर्व मंडळ्या आणि त्यांचे पाळक’ एवढे म्हणून झाले की सगळे आमेन म्हणतात. वाक्यात खोट काही नाही. पण कुवेतमध्ये शुक्रवारी जमणारी मंडळी, तीन गावे एकट्याने सांभाळणारा युरोपातला चॅप्लेन (तिथल्या मंडळीचा पाळक), महिनोन्‌महिने पाळकाविना राहिलेली एखादी लहान मंडळी, यांच्यापैकी कुणाचाच चेहरा त्या वाक्यातून डोळ्यांपुढे येत नाही. पेत्राचे पहिले पत्र पाच प्रांतांत ‘पांगलेल्या’ लोकांना लिहिलेले आहे आणि त्या पाचही प्रांतांची नावे पहिल्याच ओळीत आहेत. अशी नावे घेऊन रोज प्रार्थना करायची असेल, तर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधून निघालेल्या, परंपरेत मुख्य वाटा चार आहेत. चौघींना लागणारा वेळ वेगळा आणि चौघी मोडतात त्या जागाही वेगळ्या.

आपला संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी: २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाली, तेव्हा इथल्या अँग्लिकन मंडळ्या तिच्यात आल्या. सीएनआय आजही अँग्लिकन कम्युनियनची, म्हणजे जगभरातल्या अँग्लिकन चर्चच्या कुटुंबाची, सभासद आहे. त्यामुळे नाशिक किंवा कोल्हापूर डायोसिसचे (एका बिशपाच्या कार्यक्षेत्राचे) नाव वर्षाकाठी कधीतरी आफ्रिकेतल्या एखाद्या चर्चमध्येही घेतले जाते.

जगाची यादी

अँग्लिकन कम्युनियनचे प्रार्थना-चक्र ही सर्वांत रुंद वाट. रविवारी एखादा प्रांत (अनेक डायोसिस मिळून झालेले एक चर्च) आणि आठवड्याच्या बाकीच्या दिवसांत डायोसिस, वर्णानुक्रमाने. कम्युनियनमध्ये ४२ प्रांत आहेत, त्यामुळे वर्षभराच्या रविवारांत सगळ्या प्रांतांची एक फेरी आरामात होते. रोज दोन मिनिटे पुरतात, खर्च काही नाही, आणि चर्चमधल्या मध्यस्थीत हे चक्र चपखल बसते, कारण वाचणारा दर आठवड्याला बदलला तरी यादी तीच राहते.

अडचण वर्णानुक्रमातच आहे. आज नायजेरिया, उद्या अमेरिका, परवा पापुआ न्यू गिनी. अक्षरे शेजारी आली म्हणून गावे शेजारी येत नाहीत. नाव नीट उच्चारेपर्यंत दिवस संपतो आणि तीच डायोसिस पुन्हा समोर यायला खूप काळ लागतो. घरी एकट्याने हेच चक्र धरणाऱ्यांचे महिन्या-दीड महिन्यात ‘आज कुणाचा नंबर’ एवढेच वाचन उरते. उपाय आहे, पण त्याला आणखी पाच मिनिटे द्यावी लागतात: नकाशावर ठिकाण शोधायचे, तिथली भाषा आणि त्या आठवड्यातली एक बातमी पाहायची, आणि मगच डोळे मिटायचे.

दुसरी चूक म्हणजे जुनी छापील यादी वापरत राहणे. सुदान २०१७ मध्ये दक्षिण सुदानपासून वेगळा प्रांत झाला, चिली २०१८ मध्ये, अलेक्झांड्रिया २०२० मध्ये, मोझांबिक आणि अंगोला २०२१ मध्ये. कपाटातली दहा वर्षांपूर्वीची पुस्तिका यांतल्या एकालाही ओळखत नाही. चालू वर्षाची यादी घ्या, आणि चार दिवस चुकले तर मागचे भरत बसू नका. आजची तारीख उघडायची. थकबाकी फेडायच्या नादात रोजची प्रार्थना सोडलेली माणसे, यादीचा कंटाळा येऊन सोडलेल्यांपेक्षा कमी नसतील.

एकच डायोसिस

इथे रुंदी सोडून खोली धरायची. बऱ्याच डायोसिस आपापली प्रार्थना-दिनदर्शिका काढतात. तिच्यात मंडळीचे आणि पाळकाचे नाव असते, कधी एका ओळीत गरजही लिहिलेली असते. पांगलेल्या मंडळ्यांसाठी दोन डायोसिस मुद्दाम विचारात घ्याव्यात अशा आहेत.

पहिली सायप्रस आणि आखात, १९७६ ची. एकाच बिशपकडे सायप्रस, इराक, येमेन आणि आखातातली राज्ये. निकोसियात सेंट पॉल आणि बहरीनमध्ये सेंट ख्रिस्तोफर अशी दोन कॅथीड्रल (बिशपाची मुख्य चर्च), शिवाय बगदादचे सेंट जॉर्ज, दोह्याचे एपिफनी, अबू धाबीचे सेंट अँड्र्यू, दुबईचे होली ट्रिनिटी, एडनचे क्राइस्ट चर्च. एडन इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर तिथला कारभार मुंबईहून चालला, तेव्हा हे नाव आपल्याकडच्या जुन्या कागदांतही सापडते. आज ज्या घरातले कुणी नोकरीला आखातात आहे, त्या घराला ही डायोसिस नातेवाइकासारखी वाटते.

इथे नेमके काय मागायचे, हे दिवसांच्या हिशेबापासून सुरू होते. बहरीन, कतार, कुवेतमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून मोठी उपासना बहुधा शुक्रवारी. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, पण शुक्रवारच्या उपासनेची सवय तिथेही रुजलेली. शुक्रवारी दुपारी साडेबाराला आपण जेवायच्या तयारीत असतो, तेव्हा बहरीनमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात. दुबईत अकरा. प्रार्थना त्या वेळेला नेली तर ‘त्या मंडळीसाठी’ ऐवजी ‘त्या मंडळीबरोबर’ होते, आणि रोजच्या सवयीला असा एक खिळा असला की ती टिकते.

गरजाही ठरावीक आहेत. पाळकाचा व्हिसा आणि निवास-परवाना. आधीचा गेल्यापासून नवा येईपर्यंतची पोकळी, जी महिनोन्‌महिने चालते आणि ज्यात निवृत्त पाळक तात्पुरते येऊन गाडा ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबे मायदेशी गेल्याने अर्धी होणारी मंडळी. एकाच आवारात तासातासाने बदलणाऱ्या निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या आणि त्यांचे वेळापत्रक सांभाळणारा माणूस. ‘त्यांना आशीर्वाद दे’ पेक्षा ‘नव्या पाळकाचा परवाना मिळू दे’ हे मागणे जास्त दिवस लक्षात राहते. मिळाल्यावर आभार कशाचे मानायचे तेही कळते.

दुसरी युरोपातली डायोसिस, चर्च ऑफ इंग्लंडचीच. १८४२ ची जिब्राल्टर डायोसिस आणि फुलहॅमच्या बिशपाकडचा उत्तर युरोप १९८० मध्ये एकत्र आले. मोरोक्कोपासून मॉस्कोपर्यंत पसारा, सात आर्चडीकनरी (डायोसिसचे विभाग). कॅथीड्रल जिब्राल्टरला, जोडकॅथीड्रल माल्टात व्हॅलेटाला आणि ब्रुसेल्सला. टँजिअरच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये वेदीकडच्या कमानीवर प्रभूची प्रार्थना अरबीत कोरलेली आहे. असा एखादा तपशील माहीत झाला की ते नाव यादीत कोरडे राहत नाही. मुले जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये शिकत असतील तर ही दिनदर्शिका जवळची. पण ती मोठी आहे, आणि सुरुवातीलाच आखाताएवढी ओळख होत नाही. दोन्हींत निवड करायची झाली तर मराठी घराला आमचा कौल आखाताला.

या वाटेवरचा खरा धोका वेगळाच आहे. माहिती जवळची असते, म्हणून ती पुढे पाठवावीशी वाटते. काही देशांत स्थानिक ख्रिस्ती माणसाचे नाव आणि चर्चचे नाव एका ओळीत येणे हेच संकट असते. जे नाव डायोसिसने स्वतः छापले आहे तेवढेच मोठ्याने घ्यावे. पाळकाच्या आजाराचा तपशील, घरातली अडचण, नवीन विश्वासणाऱ्याचे नाव हे व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. ‘एक कुटुंब’ म्हटले तरी देवाला पत्ता माहीत आहे.

जुने प्रार्थनापुस्तक

चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या साधारण प्रार्थनापुस्तकात या कामासाठी एक तयार प्रार्थना आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेत, शेवटाकडे, राजघराण्याच्या प्रार्थनेनंतर ती येते: पाळकांसाठी आणि लोकांसाठी. बिशप, ‘क्युरेट’ आणि त्यांच्या हवाली केलेल्या सर्व मंडळ्या यांच्यावर कृपेचा आरोग्यदायी आत्मा पाठव आणि तुझ्या आशीर्वादाचे दव सतत ओत, असे तिचे मागणे. नवखे लोक ‘क्युरेट’ म्हणजे सहायक पाळक समजतात. इथे तो अर्थ नाही. ज्याच्यावर जिवांची देखभाल सोपवली आहे तो, म्हणजे आपला ‘पाळक’. मराठी शब्द मुळापेक्षा सरळ आहे.

सगळी उपासना वाचनांसह वीस-पंचवीस मिनिटांची, नुसती ही प्रार्थना मिनिटभराची. रविवार, बुधवार आणि शुक्रवारी लितानी (विनंत्या आणि प्रतिसादांची लांब प्रार्थना) नेमलेली आहे, तिच्यात बिशप, पाळक आणि डीकन (पाळकाच्या आधीच्या पायरीवरचे सेवक) यांच्यासाठी वेगळी विनंती येते. शब्द तयार असल्यामुळे डोके शिणलेल्या दिवशीही हे चालते, आणि हा या वाटेचा सर्वांत मोठा गुण. आपले शब्द सुकतात त्या आठवड्यात पहिल्या दोन्ही वाटा बंद पडतात, ही पडत नाही. उणीव उघड आहे: नाव एकही नाही. त्यावर सोपा तोडगा म्हणजे ‘सर्व मंडळ्या’ या शब्दांपाशी थांबून एकच नाव घ्यायचे आणि पुढे जायचे. दोन घेतली की लय तुटते.

याच पुस्तकातली आणखी एक सोय आपल्याकडे जवळजवळ विसरली गेली आहे, ती म्हणजे एंबर दिवस. वर्षातून चारदा बुधवार, शुक्रवार आणि शनिवार: लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या रविवारनंतर, पेंटेकॉस्टनंतर (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतर), १४ सप्टेंबरनंतर आणि १३ डिसेंबरनंतर. पाळकपदाची किंवा डीकनपदाची दीक्षा घेणाऱ्यांसाठी आणि सेवकवर्गासाठी हे बारा दिवस. २०२६ मध्ये ते २५, २७, २८ फेब्रुवारी. २७, २९, ३० मे. १६, १८, १९ सप्टेंबर. आणि १६, १८, १९ डिसेंबर असे पडतात. १४ सप्टेंबर किंवा १३ डिसेंबर स्वतःच बुधवारी आला तर पुढच्या आठवड्यातला बुधवार धरायचा, कारण नियम ‘नंतर’चा आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी हे दिवस प्रत्यक्ष दीक्षाविधीच्या आधीच्या आठवड्यात घेतात. रोज जमणारच नाही अशा माणसाने निदान हे बारा दिवस धरावेत. रोजच्या सवयीची जागा मात्र ते घेत नाहीत.

घरची वही

शंभर पानी वही, तीस जोडपाने. डाव्या पानावर पेनने: मंडळीचे नाव, गाव, उपासनेचा वार आणि भाषा. उजव्या पानावर पेन्सिलने: पाळकाचे नाव, ते कधी पडताळले ती तारीख आणि एक गरज. पेन्सिल एवढ्यासाठी की बदली झाली की नाव खोडावे लागते, आणि पेनने लिहिलेले नाव लोक खोडत नाहीत, त्याच्यासाठीच वर्षभर प्रार्थना करत राहतात.

तीस का? प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रे तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळच्या साठ भागांत वाटलेली आहेत. त्या दिवसाचे स्तोत्र वाचले की त्याच तारखेचे पान उघडायचे. एका पानावर तीन मंडळ्यांपेक्षा जास्त नकोत. तीन गुणिले तीस म्हणजे नव्वद, आणि एका घरापुरत्या या पुष्कळ झाल्या. दहावर सुरुवात केली तरी चालते, मग प्रत्येक मंडळी महिन्यात तीनदा येते. वही मरते ती दोन कारणांनी: पहिल्याच आठवड्यात दोनशे नावे लिहिली जातात, किंवा माहिती शिळी होते. दुसऱ्यावर इलाज एंबर आठवडे. वर्षातून चारदा, त्या तीन दिवसांत, वही आणि डायोसिसची चालू यादी शेजारी ठेवून उजवी पाने तपासायची. पाऊण तासाचे काम आहे.

कुणी काय धरावे

चर्चमध्ये मध्यस्थी चालवणाऱ्याने जगाचे चक्र घ्यावे, आणि नाव उच्चारण्याआधी त्या ठिकाणाबद्दल एक वाक्य सांगावे. घरी एकट्याने करणाऱ्याने ते पहिले म्हणून घेऊ नये. कामावरून दमून येणाऱ्याला प्रार्थनापुस्तकातली तयार प्रार्थना अधिक एक नाव, एवढे पुरते. परदेशात नातलग असलेल्या कुटुंबाने त्यांची डायोसिस धरावी, जेवणाआधी, मुलांकडून नावे वाचून घेत. वही चिकाटीच्या माणसासाठी. पण चारांत टिकाऊ जोड विचाराल तर एका डायोसिसची नावे आणि जुन्या पुस्तकाचे शब्द. नावांनी प्रार्थना ताजी राहते आणि शब्द तिला आळसाच्या दिवसांतून पार नेतात. एकदम चारही सुरू करणाऱ्याची एकही लेंटपर्यंत टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वही करणाऱ्यांसाठी एक बारकावा राहिला. ३१ तारखेला प्रार्थनापुस्तक नवे स्तोत्र देत नाही, तीस तारखेचीच पुन्हा वाचायला सांगते. म्हणून एकतिसावे जोडपान वेगळे ठेवा आणि ज्या मंडळ्यांना सध्या पाळकच नाही त्या तिथे पेन्सिलने लिहा. नेमणूक झाली की नाव तिथून खोडून तिच्या मूळ तारखेच्या पानावर न्यायचे.